हललं तरच

ब्लॉसम डाबरे कुवेतला गेली
तेव्हा खोलीत मागे राहिला एक कुकर,
अर्धी बाटली कॅल्शियम पावडर
आणि काचेच्या पेटीत
तळहाताएवढा भेक.
"दिवसाआड चार रातकिडे," ती म्हणाली,
"आणि शक्यतो हात लावू नको.
लावलास तर नुसता."

माझे हात नुसते कधी असतात?
आयसीयूतून सुटतात ते स्पिरिटचा वास घेऊनच.
सकाळी नऊला, घणसोलीत, चौथ्या मजल्यावर
बेसिनपाशी उभी राहून मी शंभरपर्यंत मोजते
आणि पुन्हा एकपासून.
तो कातडीनेच पाणी पितो,
तोंडाने कधीच नाही.
म्हणजे माझ्या बोटांवर जे असेल
ते सगळं पिऊन टाकणार.
इतका भरवसा माझ्यावर
सख्ख्या आईनेही ठेवलेला नाही.

नळाचं पाणी थेट चालत नाही त्याला.
निळ्या बादलीत एक दिवस, एक रात्र उघडं ठेवायचं
क्लोरीन उडून जाईपर्यंत.
मढवीकाकू भाड्याला येतात, विचारतात,
बादली कशाला अडकवलीस गो?
म्हटलं, पाणी निवतंय.
थंड पाणी निवतंय!
त्या जिना उतरेपर्यंत हसत होत्या.

रातकिडे वाशीहून आणते, डबाभर.
त्यांनाही आधी जेवू घालायचं,
गाजराचा कीस, बटाट्याची सालं.
उपाशी किडा म्हणजे रिकामं ताट.
मग पिशवीत पावडर, दोन हिसके,
की निघतात पांढरेफटक,
जात्याखालून सुटल्यासारखे.
सुटीच्या रात्री सिलेंडरमागे
डब्यातून सगळे मिळून गातात.
उद्याचं जेवण गातंय,
आणि मला त्यावर झोपही लागते.

पहिल्या आठवड्यात कळलंच नव्हतं.
मेलेला किडा नाकासमोर ठेवत होते,
आणि तो देवळातल्या कासवासारखा ढिम्म.
जे हलत नाही
ते त्याच्या लेखी जगात नाहीच.
भरल्या ताटापुढे उपाशी मरेल.
शेवटी चिमट्यात धरून हलवला,
जरासा, जिवंत असल्याइतका.
जीभ दिसलीसुद्धा नाही.
किडा होता, किडा नव्हता.
आणि त्याने डोळे आत ओढून घेतले.
मला वाटलं, तृप्त झाला.
"छे गं," ब्लॉसम फोनवर हसली,
"डोळ्यांनीच तर घास खाली ढकलतो तो."

सात नंबरला देशमाने आजोबा.
नाकातल्या नळीतून दोनशे मिली,
दर दोन तासांनी, तेवीस दिवस.
सून काचेबाहेरून खुणेने विचारते, जेवले?
मी मान हलवते.
खुणेत याहून जास्त मावत नाही.

मंगळवारी नळी काढली.
चमचाभर पेज ओठांशी नेली.
नजर छताला, दात गच्च.
आणि माझा हात आपसूक हलला,
चमचा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे,
जरासा, जिवंत असल्याइतका.
"सिस्टर, हे काय चाललंय?"
नव्या डॉक्टरने विचारलं.
काही नाही, म्हटलं.
अर्धी पेज हनुवटीवरून गळ्यात उतरली.
उरलेली गिळताना आजोबांनी डोळे मिटले, घट्ट,
आणि मी टॉवेल हातात घेऊन
ते उघडायची वाट बघत राहिले.
फार वेळ लागला.

आता डिसेंबर. भेकाने अकरा दिवस
चिमट्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही.
कुवेतहून रोज तोच प्रश्न: खाल्लं का?
काल कात टाकली त्याने,
आणि ओल्या मोज्यासारखी अंगावरून ओढत
कोपराकोपराने तोंडात कोंबली,
डोळे आत, बाहेर, आत.
हे जेवणात धरायचं का?
कॅलेंडरवर तारखेखाली लिहिलं:
आज स्वतःला खाल्लं, थोडंसं.

बादली भरून ठेवली.
उद्या ड्यूटी दुपारची आहे.