फिंजान

गहवा ओतणारा पोरगा ओततच राहतो.
फिंजान रिकामा झाला की पुन्हा घोटभर,
पुन्हा घोटभर.
नको असेल तर तोंडाने म्हणायचं नाही,
दोन बोटांत धरून हलकेच हलवायचा.
रुवैसला आल्यावर हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.
तोवर नऊ प्यायले होते एका बैठकीत.

मतर बिन उबैद साहेब रात्री पावणेबाराला आले,
न कळवता,
अबू धाबीहून स्वतः गाडी हाकत.
अख्ख्या देशाच्या अणुऊर्जेवर ज्याची शेवटची सही
तो माणूस दाराशी चपला काढून
(आमच्या दफ्तरखोलीत गालिचा आहे म्हणून)
प्लास्टिकच्या खुर्चीत बसला,
बारशाला आल्यासारखा.

मतर म्हणजे पाऊस, एकदा म्हणाले होते.
आमच्याकडे नाव ठेवतात आणि वाट बघतात.

ऑगस्ट. मध्यरात्री सदतीस अंश,
समुद्रही त्याहून फारसा गार नाही.
किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात एसी धापा टाकतोय
आणि तिसरी अणुभट्टी दुरुस्ती होऊन
उभी आहे नुसती.
मंत्रालयाचा फोन दोनदा वाजला.
दोन्ही वेळा त्यांनी तो पालथा ठेवला.

चारशे बारा पानं.
साहेबांचं बोट ओळीखालून सरकत होतं,
चिंचणीच्या शाळेत पाटील मास्तर हजेरी घेत तसं,
एकेका बोल्टला हजर म्हणायला लावत.
दोनशे अठ्ठ्याहत्तरावर थांबलं.

एका झडपेचे बारा बोल्ट, बारा आकडे,
बारावा हुबेहूब अकराव्यासारखा,
दशांशासकट.
कुणाची सही?
टेकबहादुर घर्ती, मी म्हटलं, करार संपला, गावी गेला.
फोन लावा.
साहेब, नेपाळात पहाटेचे तीन वाजलेत.
लावा.

बाजारातली मोडकी हिंदी साहेबांना येते.
डरो मत भाई, पैसा नहीं कटेगा.
बारा नंबर?
पलीकडे कुणीतरी खोकलं. कोंबडा आरवला, चुकून बहुतेक.
मग टेकबहादुर म्हणाला,
अकरा आवळले साब.
बाराव्याला हात घालणार तेवढ्यात
कॅम्पची बस सुटायला आली.

साहेबांनी शुक्रन म्हटलं.
घरी कोण कोण, विचारलं.
मुलगी आहे म्हणाला, तिसरीत.
तिचं नाव विचारलं, नीट ऐकू आलं नाही
म्हणून परत विचारलं.

बाबा तारापूरला जायचे, छातीवर फिल्मचा बिल्ला लावून.
महिन्याने बिल्ला जायचा, नवा यायचा,
जुन्यातला आकडा कुठल्याशा वहीत पडायचा.
कसा दिसतो तो आकडा, त्यांनी कधी पाहिलं नाही.
आम्ही विचारलं की म्हणत,
असेल तिथे. साहेब लोक बघतात.
मी या नोकरीला कशी लागले ते मला नक्की सांगता येत नाही,
पण दुसऱ्यांच्या आकड्यांत डोकं घालताना
हे वाक्य मधूनच येतं.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा त्यांनी उचलला.
माझी अरबी बेताची.
लांबलचक बोलणं पलीकडून होतं,
अलीकडून एकच शब्द, चार वेळा,
आवाज न चढवता:
ला.

पेनाचं टोपण उघडलंच नव्हतं.
नऊ दिवस लागतील, मला म्हणाले,
झडप उघडायची, सगळे बारा पुन्हा.
पोरगा किटली घेऊन वाकला.
साहेबांनी फिंजान हलवला.

उठले. एक चप्पल टेबलाखाली गेली होती,
ती पायाने ओढत बसले जरा वेळ.
गाडीचा दिवा कुंपणावरून फिरून गेला.

मी त्या पानात अजून बोट घालून बसले होते.
तेवढ्यात कुठेतरी, सिलाला किंवा घयाथीला,
कुणाच्यातरी घरची वीज गेली असेल.
गादीवर उठून बसत त्याने
सरकारला एक सणसणीत शिवी दिली असेल.