जवळचा किनारा

कार्यपुस्तिका, पान बेचाळीस, कृती सातवी:
"जवळच्या किनाऱ्यावर जा.
ओहोटीच्या वेळी दिसणारे पाच जीव नोंदवा.
स्थानिक मच्छीमारांशी बोला."

आमची सातवी ब, जुनं इंदूर.
जवळचा किनारा म्हणजे आगगाडीतली एक अख्खी रात्र
आणि तिकिटाचे पैसे, ज्याच्याकडे असतील त्याचे.
चाळिसांत समुद्र पाहिलेली तिघं,
त्यातली एक अर्धवट झोपेत,
दमणहून परतताना, बसच्या खिडकीतून.

मी पान उलटणारच होते.
परीक्षा तोंडावर, दोन धडे शिल्लक,
आणि खरं सांगायचं तर या धड्याशी
मलाच चोरट्यासारखं होतं.
तेवीस वर्षं भरती-ओहोटी शिकवतेय
एका निळ्या खडूच्या जिवावर.

कुंजल चौकसे उभी राहिली.
"बाई, कान्ह कुठे जाते?"

कान्ह. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून वाहते,
नाक दाबून ओलांडायची असते.
आम्ही सगळे नाला म्हणतो,
नकाशा एकटा अजून नदी म्हणतो.

तो नकाशा खाली उतरवला.
शिवणाच्या तासाची लोकर, तपकिरी. निळी संपली होती.
कान्ह क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत,
चंबळ यमुनेत, यमुना प्रयागला गंगेत,
लोकर कमी पडली की गाठ, आणि पुढे.
अकरा गाठींनी बंगालचा उपसागर लागला
तेव्हा मधली सुट्टी संपून गेली होती
आणि डबे तसेच बंद.

"म्हणजे परवा मी टाकलेली शेवेची पिशवी..."
मुस्तन्सिर म्हणाला,
आणि वाक्य तिथेच सोडून खाली बसला.
कोणी हसलं नाही. मीही रागावले नाही.
माझीही असेल की एखादी,
पाटण्याच्या पुढे गेलेली.

दुसऱ्या दिवशी नितेश भाभरने दप्तरातून दगड काढला.
त्याचे वडील बाघहून चुनखडीचा ट्रक आणतात.
मुठीत मावणारा, पुरीसारखा फुगलेला,
पाठीवर बारीक टिंबांच्या पाच पाकळ्या.
"घरी दाराला अडकण म्हणून लावतो, बाई."

समुद्री साळू.
नऊ कोटी वर्षांपूर्वी धारच्या पलीकडे
उथळ खाऱ्या गाळात चरत होता,
समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात मुक्कामाला आला होता तेव्हा.
आपल्या पायाखालचा काळा खडक
अजून पोटात होता पृथ्वीच्या.

दगड बाकांवरून फिरत गेला.
शेवटच्या रांगेत स्वानंदी मुजुमदारने
तो हळूच जिभेला लावला.
"खारट नाहीये," ती म्हणाली,
दुकानदाराकडे तक्रार करावी तशी.

शनिवारी पुलावर गेलो, वह्या घेऊन.
खाली गुडघाभर पाण्यात मांगीलाल करोसिया,
महापालिकेचे, हातात लांब दांडीचं जाळं.
मुलांनी एकमेकांकडे पाहिलं:
जाळं आहे, म्हणजे मच्छीमारच.
"काका, आज काय मिळालं?"
"चप्पल. थर्माकोल. एक तसबीर, काच शाबूत."
"आणि मासे?"
त्यांनी जाळं उलटं करून झटकलं.
"माझा बाप पकडायचा म्हणे इथे.
मी पाहिला नाही. तुम्ही बघाल तर सांगा."
मग वर बघून म्हणाले,
"पिशव्या तेवढ्या वरूनच थांबवा.
खाली मी एकटा आहे."

हे शेवटचं वाक्य
चाळीस वह्यांमध्ये चाळीस तऱ्हांनी लिहिलेलं आहे.

कुंजलची वही सोमवारी तपासली.
किनारा: शाळेच्या मागे.
जीव: शेवाळ.
बगळा एक, पाय मळलेले.
डासांच्या अळ्या, खूप.
साळू (दगडात, नितेशचा).
पाचवी ओळ कोरी.

कोरी का, विचारलं.
"भरती आली की भरू, बाई."

दहापैकी आठ दिले.
दोन शुद्धलेखनाचे कापले.