धड्याचा कौल

शाळा समितीच्या सभेत ठरलं नाही,
म्हणून प्रकरण रवळनाथाकडे गेलं.
दहावीच्या विज्ञानातला एक धडा,
अकरा पानं, एक वटवाघळाचा पंख, एक माकड,
आणि मी, कराडकडून बदलून आलेली,
चार वर्षं झाली तरी 'भायरची बाई'.

सुरुवात मधुसूदन खवणेकरांनी केली.
"माझ्या चेडवाक तुम्ही माकडाची नात म्हटल्यात?"
म्हटलं, नात नव्हे, चुलत घराणं.
तुमच्या सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं आहेत ना,
निम्मी तुम्ही कधी पाहिलीही नाहीत,
पण मूळ पुरुष एकच.
ते म्हणाले, "त्या चुलत्यांवर माझी कोर्टात केस आसा."

अध्यक्षांनी मधली वाट काढली:
"बाईनू, ह्या सगळा आमच्यात आधीच आसा.
मासो, कासव, डुकर, मगे नरसिंह.
दशावतार म्हणान शिकवा, कोण काय बोलूचा नाय."
खरं सांगते, मोह झाला.
सगळे घरी जेवायला गेले असते.
पण मत्स्य आला तो तारायला,
वराह आला तो पृथ्वी उचलायला,
ज्याला त्याला काम नेमून दिलेलं.
आणि माझ्या धड्यात
कुणीच कुणाला धाडलेलं नाही.
एवढंच गाळलं
तर उरतात अकरा पानं, तीन गुणांची.

सोमवारी आत्माराम गुरवाने
पाषाणावर पाकळ्या लावल्या, पाण्यात बुडवून.
बा देवा म्हाराजा,
ह्या शाळेत जो काय उत्क्रांतीचो धडो आसा
    व्हय म्हाराजा
तो पोरांका शिकवचो झालो तर उजवो दी,
नको झालो तर डावो दी
    व्हय म्हाराजा
पोरांचो नि बाईचो सांभाळ कर
    व्हय म्हाराजा
शेवटच्यात माझाही आवाज होता.

पाकळी पडेना.
अर्धा तास. मग पाऊण.
खवणेकरांचा फोन वाजला,
कुणीतरी सुरमईचा भाव विचारत होतं.
गुरव म्हणाला, "देव गप्प हा.
गप्प म्हणजे नको न्हय. व्हय पण न्हय."
ज्याने त्याने आपापला कौल घरी नेला.
मुख्याध्यापकांनी नेला तो असा:
वरून पत्र येईपर्यंत
वर्गात हा धडा उघडू नये.

वर्गात.

गुरुवारी ओहोटी साडेदहाला होती.
एकवीस पोरं, चपला हातात,
खाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत.
कांदळाच्या मुळांशी निवट्या
परांच्या कोपरांवर रेलून बसलेल्या,
डोळे टाळूवर, तोंडात घोटभर खाडी.
शबाना सोलकरने एक अलगद धरली;
तिच्या घरी हिचं कालवण होतं.
"बाई, ही आमची पणजी?"
नव्हे, म्हटलं. ही आजचीच, तुमच्या वयाची.
आपले कुणी निघाले ते फार आधी, वेगळ्या वाटेने.
ही दुसरीकडून निघालीय.
"खंय जाऊक?"
कुठेच नाही.
कुणी हसलं नाही.
"मगे तिका भायर ये म्हणान सांगल्यान कोणी?"
कुणीच नाही, म्हटलं,
आणि हे म्हणताना माझा स्वतःचाच आवाज
मला नेहमीपेक्षा बारीक वाटला.
रोज संध्याकाळी दिवा लावते मी.
लावते, आणि हेही म्हणते.

खवणेकरांची चेडू इतका वेळ लांब उभी होती.
तिने बाटलीतलं पाणी निवटीवर ओतलं.
"कातडी सुकली तर मरतली ती."
हे मी अजून शिकवलं नव्हतं.

गुरवाची गौतमी माझ्याजवळ सरकली,
चिखलाकडे बघत पुटपुटली,
"बाबांनी त्या दिवशी पाणी जरा जास्त लावल्यानी."
ऐकलंच नाही असं केलं मी.

भरती लागली. आम्ही वर सरकलो.
निवट्याही सरकल्या, मुळांवर, आमच्याबरोबर.
तिघांच्या चपला चिखलातच राहिल्या.
उद्या त्यावरूनही सभा होईल.