झाडू रजेवर

घणसोलीच्या आमच्या शाळेमागची जमीन
म्हणजे भरावच सगळा.
टिकाव मारला की फुटक्या टाइल्स, गंजकी सळई,
एकदा बाहुलीचा हात.
तो मुलांनी परत पुरला, वर पाणीही घातलं.
मी काही बोलले नाही.

गणपतीची सुट्टी संपली तेव्हा
कढीपत्ता गुडघ्याला लागत होता
आणि पानांवर पांढरं-काळं काहीतरी.
"बाई, चिमणी शिटली," म्हणत
प्रणिल पुसायला गेला,
तर त्या शिटेने डोकं उचललं,
लाल शिंगं काढली.
वर्ग किंचाळत पांगला
आणि एकेक करून परत आला.

नऊ होत्या. मतदान घेतलं:
अळ्या राहू देत, बावीस. काढा, सोळा.
खिचडीवाल्या भोईर मावशी म्हणाल्या,
"मना फोरनीला चार पाना तरी ठेवा."

फळ्यावर रोज आकडा. नऊ. नऊ. सहा.
सहा झाले त्या दिवशी
कुंपणावर सरडा मान हलवत होता,
अगदी हो-हो म्हणत.
मिथिला त्याच्यावर आठवडाभर रुसली.

मग एकही दिसेना. झाडाच्या नुसत्या काड्या.
मावशींनी बाजारातून जुडी आणली,
पण टोमणा मारला नाही.

दिवाळीआधीच्या सफाईत
टाकीमागच्या झाडूच्या दांड्याला
एक हिरवं पान चिकटलेलं,
कमरेला दोरा बांधून, मागे रेललेलं.
"झाडूला हात लावू नये. हुकुमावरून, पाचवी ब."

मागचं अंगण बारा दिवस तसंच.
मोठ्या बाईंनी विचारलं, हे काय?
मी म्हटलं, झाडू रजेवर आहे.
त्या चष्मा लावून वाकल्या,
बराच वेळ वाकूनच राहिल्या.