पांढरे जिल्हे

नकाशा आला तेव्हा मी डबा खात होते.
नव्या डॉक्टरांनी तो टेबलावर पसरला,
माझ्या लिंबाच्या लोणच्यापासून वीतभर दूर,
म्हणाले, मोघेबाई, बघा तरी,
मेंदूच्या गाठीने गेलेल्यांचा माळवा.

इंदूर गडद, पिकून फुटलेल्या जांभळासारखं.
देवास, उज्जैन तांबूस.
धारच्या पुढे रंग उतरत जातो
आणि झाबुआ, अलीराजपूर
धुऊन वाळत घातलेल्या पंच्यासारखे पांढरे.

ते विचारात पडले.
पाण्यात काही असेल? पीथमपूरचा धूर? टॉवर?
की तिकडच्या मक्याच्या भाकरीतच काही गुण?
एकतीस वर्षं मी मरणाच्या दाखल्यांवर आकडे घालते.
सी एकाहत्तर म्हणजे मेंदू,
हे मला माझ्या घरनंबराआधी आठवतं.
म्हटलं, सर, एकदा गंगवाल स्टँडवर जा
आणि झाबुआहून पहिली गाडी किती वाजता पोचते ते विचारा.

माझा भाऊ श्रीरंग त्या जांभळात आहे.
एका सकाळी त्याने चमच्याला 'पायरी' म्हटलं.
आम्ही हसलो.
दुपारी किल्लीला पायरी.
रात्री वहिनीला.
तिसऱ्या दिवशी तो यंत्राच्या बोगद्यात होता,
आठवड्यात गाठीला नाव मिळालं, दर्जा मिळाला,
वाढीचा वेगसुद्धा.
चौदा महिन्यांनी त्याचा कागद माझ्याच टेबलावर आला.
अक्षर चांगलं आलं.
इतकं चांगलं नंतर कधी आलं नाही.

थावरी वसुनिया कुठेच नाही.
तिचा मुलगा दाखल्यासाठी आला होता,
खुर्ची दिली तरी उभाच.
म्हणाला, दोन वर्षं आई सांगायची,
डोक्यात खुरासानी चिंचोका आहे,
मांडूला मजुरीला गेलो तेव्हा कानातून शिरला,
आता मुळं सोडतोय.
बडव्याने कोंबडा घेतला.
दवाखान्याने तापाच्या गोळ्या दिल्या.
उजवा हात लुळा पडला तेव्हा लोक म्हणाले, वारं.
मग झटके. मग बस.
माछलिया घाटात ती खिडकीला टेकून गेली,
तिकीट इंदूरपर्यंतचं होतं.

कारणाच्या रकान्यात कुणी लिहिलं होतं: झटके.
झटक्यांना माझ्याकडे वेगळा आकडा आहे,
तो मेंदूच्या बेरजेत येत नाही.
चिंचोक्याला आकडाच नाही.
मी झटके घातले, शिक्का मारला,
तो मुलगा 'उपकार झाले' म्हणाला.

आणि हा एकटा गुलाबी? डॉक्टरांचं बोट अडलं.
पांढऱ्यात पांढरा होता हो, गेल्या सालपर्यंत.
तिथे यंत्र बसलं.
लगेच वर्तमानपत्रात मथळा, रोग वाढला,
लगेच मीटिंग, कचोऱ्या आल्या,
मला कुणी विचारलं नाही.
वाढलाही असेल, मला काय कळतं.
पण काडी ओढली की पहिल्यांदा
भिंतीला टेकून कधीचे बसलेले दिसतात,
ते काय त्या काडीने आणले?

डॉक्टर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, हे लिहून द्याल?
कुठल्या रकान्यात, मी विचारलं.

ते हसले नाहीत. मला बरं वाटलं.
नकाशा गुंडाळायला घेतला तेव्हा दिसलं,
झाबुआवर लोणच्याचं तेल सांडलंय,
पिवळा थेंब, कागदात शिरून पसरत चाललेला.
चूक माझीच. मी रुमाल काढला.
डॉक्टर म्हणाले, राहू द्या.
डबा तसाच उघडा होता,
भाकरीवर माशी बसली होती.