सैल बाजू

हसुराम नाखव्यांनी आजही वाटाणे उधळले.
वीस वाटाणे, या वाटीतून त्या वाटीत,
डाव्या हाताच्या चिमटीने,
एवढंच तर सांगितलं होतं.
तिसऱ्या वाटाण्याला वाटीच भिंतीवर गेली.
सून दर्शना खाली बसून गुपचूप वेचू लागली,
मी तासाचे पैसे न मागता बॅग उचलली.

खाली चेंदणी कोळीवाड्यातली ती गल्ली,
जिथे दोन माणसं समोरासमोर आली
तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं.
तिथे मी गाडी घातली होती,
कळव्याच्या एका निवृत्त क्लार्ककडून घेतलेली,
पुढची चाकं गटाराच्या कठड्याला तिरकी टेकवून.
आत बसले. किल्ली मुठीतच.
स्टिअरिंगवर दोन्ही हात, हातांवर कपाळ,
सगळा भार टाकून किती वेळ तशीच.
कधीतरी आत काहीतरी खट्ट झालं.
मला वाटलं, माझंच.

मग किल्ली फिरेना.
स्टिअरिंग हलेना.
पाय रोवून उजवीकडे ओढलं, मग डावीकडे,
किल्ली एवढी पिळली
की बोटावर तिचे दात उमटले.
मागे बर्फाचा टेम्पो. एक हॉर्न,
मग दुसरा, मग हॉर्नवरच ठेवून दिलेला तळवा.
जवळा पसरणारी बाई म्हणाली, बॅटरी गेली.
टेम्पोतला पोरगा म्हणाला, धक्का मारू.
कुणीतरी म्हणालं, लेडीज डायवर...
पुढचं वाक्य मला पाठ आहे, म्हणून ऐकलं नाही.

मी, जिने अकरा वर्षं
ठाण्यातल्या अर्ध्याअधिक आखडलेल्या खांद्यांना सांगितलं,
काका, जोर लावू नका,
जेवढा येतोय तेवढाच येऊ दे,
तीच मी
डॅशबोर्डला गुद्दे मारत होते.

तेव्हा वरून आवाज आला.
खिडकीच्या गजांशी नाखवा,
दर्शनाने मागून बखोटीला धरलेला.
"अगो पोरी, भांडतेस कोनाशी?
सुकानू हाय, नवरा नाय."
गल्ली हसली. टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला.
"हात ढिला सोड आधी.
बघ, कंच्या अंगाला जरासा देतो.
तवढाच धरून ठेव. मंग चावी."
आणि करून दाखवलं, हवेत, उजव्या हाताने.
डावा तो पोटाशी दुमडलेला,
झटक्यानंतर पाच महिने कुणाचंच न ऐकणारा,
तोही बोटभर पुढे सरकला,
जोडीदार निघाला म्हणून निघाल्यासारखा.
त्यांना कळलं नाही.
मला कळलं.

हात ढिले सोडले.
डावीकडे दगड.
उजवीकडे केसभर,
कडी लावलेल्या दाराला असते तेवढी जागा.
तिथेच धरलं, न ओढता,
आणि दुसऱ्या हाताने किल्ली.
इतकी सहज फिरली, की लाज वाटली.

मिठबंदर रोडला गाडी बाजूला घेतली.
बंद करण्याआधी चाकं सरळ केली.
वही काढून लिहिलं:
ह. ना., वय चौऱ्याहत्तर, डावा खांदा.
वाटाणे बंद.
गुरुवारी होडीच्या सुकाणूचा दांडा
कुठे मिळतो का, पाहणे.
मग ते खोडलं.
खाली लिहिलं, आधी त्यांनाच विचारणे.

बर्फाचा टेम्पो शेजारून गेला.
पोरग्याने हात केला.
मागे रस्त्यावर वितळत्या पाण्याची रेघ,
काही सरळ नव्हती.