बुडबुडे मोजताना

पाण्याची टाकी सदतीस अंशांवर.
तीत गळ्यापर्यंत बुडालेल्या चार बाटल्या.
एकीत कडोलीचं शेण आणि संकेश्वरच्या कारखान्याचा प्रेसमड,
दुसरीत शेण आणि कँटीनचा उरलेला भात,
तिसरीत शेण आणि निपाणीच्या वखारीमागं
कुजत पडलेले तंबाखूचे देठ.
चौथीत नुसतंच शेण.
मी मुलांना सांगते, ही तुलनेसाठी.
भरमाणी सांबरेकर मागून म्हणतो, "ही पंच.
कुस्तीत उतरत नाय, पण हिच्याबिगर निकाल नाय."

सव्वीस वर्षं त्याने पंप आणि झडपा पुसल्या.
शेणाचं खातं यंदाच आलं, निवृत्तीला चार महिने असताना.
बाटलीचं तोंड हुंगून तो म्हणतो,
"आंबट झालंय की ओ बाई, चुना घाला."
सामू मोजणारं यंत्र मागाहून येतं,
सहाच्या खाली आकडा दाखवतं
आणि गप्प बसतं.

गॅस उलट्या नळकांड्यात चढतो,
पाणी तेवढंच खाली सरकतं.
भरमाणी डोळे अर्धे मिटून मोजतो,
ओंदु, एरडु, मूरु…
घरी मराठी, बायकोशी मराठी, देवाशीही बहुधा मराठी.
पण सातव्या वर्षी बैलहोंगलच्या अडतीत
कापसाच्या गाठी मोजायला बसवलं होतं त्याला,
तिथंच आकडे चिकटले.

हे ऐकून इलेक्ट्रॉनिक्सची शिवलीला
पोहण्याची रबरी टोपी घेऊन आली,
तिला आठ भोकं, भोकांत आठ तारा,
केसांत थंडगार लोणी लावल्यासारखा लेप.
पडद्यावर वाक्यं, दोन्ही भाषांतली,
काही सरळ, काही शेवटी घसरलेली:
म्हशीनं रवंथ करत चष्मा पुसला.
शब्द घसरला की पाव सेकंद ओलांडून
रेघ खोल जाते.
"मॅडम, दोन्हीकडं खड्डा सारखाच."
भरमाणीनं टोपी काढता काढता विचारलं,
"म्हणजे मला काय येतं म्हणायचं?"
शिवलीलाला उत्तर आलं नाही.
मलाही.

एकोणिसावा दिवस एक नोव्हेंबरला आला.
एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे,
दुसऱ्यावर दंडांना काळ्या फिती,
बस बंद, कॉलेज बंद,
आणि बाटल्यांतल्या जिवांना
कोणतीच तारीख पाठ नव्हती.
मी टिळकवाडीत घरी बसून
अठराव्या आणि सतराव्याची सरासरी काढली,
पहिल्या बाटलीसमोर मनात लिहून ठेवले चारशे दहा.
कोण बघतंय. आलेख तर गुळगुळीत हवा.

दोन तारखेला वही उघडली.
एकोणिसाव्या ओळीत पेनानं, जरा तिरकं:
तीनशे पंचाऐंशी.
खाली: वीज पावणेतीन तास नव्हती,
टाकीत गरम पाणी ओतलं, थर्मासचं.
सांबऱ्याहून तो शेतांच्या कडेनं सायकल ढकलत आला होता,
चहाचा थर्मास घेऊन, चहा न भरता.
तिसरीपुढं फक्त: मरूलालीय ही.

ती मेलीच. तंबाखूनं तिचे जीव मारले
की आमच्या हातून चुना उशिरा पडला,
अजून सांगता येत नाही.
अहवालात मी तसंच लिहिलं.
माझे चारशे दहा कुठेच लिहिले नव्हते,
तरी खोडायला वेळ लागला.

तिसाव्या दिवशी पहिल्या बाटलीचा गॅस
सुईच्या टोकावर पेटवला.
उजेडात काहीच दिसेना.
"पेटलंय का नाय?" म्हणत भरमाणीनं बोट पुढं केलं
आणि झटक्यात मागं घेतलं.
शिवलीलानं खिडक्या लावल्या, ट्यूबलाइट विझवली.

निळी, नखाएवढी.
शेणाची, उसाच्या चोथ्याची.

भरमाणीच्या तोंडातून काहीतरी निघालं,
आब्बब्बब्ब, का नुसताच श्वास,
शिवलीला माझ्याकडं वळली,
मी तिच्याकडं.

टोपी नळावर वाळत होती.